गाडी शकुआक्कांची होती

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणेश मंडळाचं ऑफिस आहे. तिथे काचेच्या कपाटात एक छोटी मालगाडी ठेवली आहे. पुढे वीतभर इंजिन, मागे डबे, इंजिनाला प्लास्टिकच्या झेंडूची माळ. कपाटाखाली पाटी आहे, 'सुनीलभैया यांच्या कल्पनेतून साकार झालेली रेलगाडी'. मी चौथीपर्यंत शिकले आहे. एवढी पाटी मला वाचता येते. भाजीला जाताना वाचते, येताना वाचते, आणि दोन्ही वेळा माझं डोकं भणभणतं.

ती गाडी सुनीलच्या कल्पनेतून साकार झालेली नाही. सुनीलला तिचा एक डबा दुसऱ्याला जोडता येत नव्हता. ती शकुआक्कांनी बनवली, एकटीने, स्वतःच्या बैठकीत बसून. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

शकुआक्का आमच्या शेजारच्या. त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत. खाली त्या एकट्या राहायच्या, आणि वरच्या मजल्यावर त्यांचा भाचा सुनील, बायकोमुलांसह. आक्कांनी लग्न केलं नाही. वडील रेल्वेत होते, ते नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी आक्का लागल्या आणि रिटायर होईपर्यंत इथल्या लालबाग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बसल्या. आपल्या बुऱ्हानपूरची केळी त्यांच्या डोळ्यांसमोर डब्यांत भरली गेली आणि दिल्लीकडे निघून गेली. "पावत्या मी फाडायच्या अन् फिरायला घडांनी जायचं," असं त्या म्हणायच्या. स्वतः त्या खंडव्याच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या.

अंगाने उंच, काटकुळ्या. मनगटाला पुरुषी घड्याळ. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा, दोन्हींच्या दोऱ्या गळ्यात एकमेकींत गुंतलेल्या. आवाज असा की त्या घरात बोलल्या तरी आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. त्या बहुतेक डब्यांशी बोलायच्या. "नीट उभा राहा, मेल्या. नीट. असा का लंगडतो?" मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आत कोणी आजारी माणूस आहे आणि ही बाई त्याला फार वाईट वागवते.

चहा त्यांना नेहमी गारच लागायचा. म्हणजे आवडायचा असं नाही, गरम असताना आठवायचाच नाही. साय धरलेला चहा एका घोटात संपवून त्या म्हणायच्या, "मंदे, चहा छान झालाय," आणि तो मी केलेला नसायचाच.

पहिल्यांदा मी त्यांच्या बैठकीत गेले ती त्यांची वाटी परत करायला. दार उघडं होतं. पलंग नाही, खुर्च्या नाहीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्यांचं टेबल आणि त्यावर रूळ. डोंगर, बोगदे, झाडं असलं काही नव्हतं. रूळ, सांधे, एक चढ, एक उतार. आक्का टेबलाला हनुवटी टेकवून एका डब्याकडे बघत होत्या.

"हात कोरडे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग हा डबा धर. दाबू नको. चिमणीचं पिल्लू धरतात तसा."

त्या दिवशी मला कपलर म्हणजे काय ते कळलं. प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना एक लहानशी मूठ असते, बोटं मुडपलेली. या डब्याची मूठ त्या डब्याच्या मुठीत अडकते आणि गाडी जोडली जाते. पण दोन्ही मुठी एका उंचीवर पाहिजेत. एखादी जरा खाली असली तर सपाट जागेवर काही कळत नाही. चढ आला की ती वरच्या मुठीतून खाली निसटते. इंजिन पुढे निघून जातं, डबे मागे उभे. आक्कांच्या घरातून दिवसभर ज्या शिव्या ऐकू यायच्या त्या या निसटलेल्या डब्यांना असायच्या.

मी डबा धरून बघितला आणि मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "आक्का, हा त्या बाजूच्यापेक्षा खाली दिसतोय. याला उचला."

"हाच खाली आहे कशावरून? तो वर असेल तर?"

मी दुसरा डबा बघायला वाकले.

"याला त्याच्याइतका केला, मग याच्या पुढच्याला याच्याइतका करायचा, मग त्याच्या पुढच्याला. एक चुकलेला अन् अख्खी गाडी त्याच्या मागे. शेजारच्या डब्याकडे बघून उंची ठरवायची नाही, मंदे. मापाला विचारायचं."

ते माप पितळेचं होतं, काडेपेटीएवढं. रुळाच्या तुकड्यावर बसवलेलं, आणि त्याला बरोबर उंचीवर एक मूठ. प्रत्येक डबा, प्रत्येक इंजिन आधी त्याच्यासमोर उभं करायचं. मूठ खाली असली तर डब्याखालच्या चाकांचा स्क्रू काढून मधे पातळ वायसर घालायचा, म्हणजे डबा केसभर उचलला जातो. वर असली तर वायसर काढायचा, नाहीतर कानशीने थोडं घासायचं. मुठीखाली मिशीसारखी एक तार लोंबते, ती रुळांच्या सांध्यात अडकणार नाही एवढी वाकवायची. मग पुन्हा मापासमोर. आक्का एका डब्याला अख्खी दुपार द्यायच्या. वायसर बाहेरून मागवायच्या, आणि संपले की स्वतःच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापून काढायच्या. "माझा डावा गुडघा या सगळ्या गाडीत वाटला गेलाय," म्हणायच्या.

डबेही त्यांनीच पत्रा आणि प्लास्टिक कापून केले होते. केळीच्या डब्यांना जाळ्या पाडल्या होत्या, हवा खेळायला. कोणी बघणार नव्हतं, तरी पाडल्या होत्या.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लग्न नाही, लेकरू नाही, म्हणून ही म्हातारपणी खेळण्याशी खेळते. हे ऐकलं की मला आतून जाळ लागायचा. समोरचे काका पासष्टीला आले, संक्रांतीला गच्चीवर चढून पतंग उडवतात, त्यांना 'शौकीन' म्हणतात. सुनील दिवसभर मोबाइलवर पत्ते खेळतो, तो 'बिझी' असतो. आणि आक्का खेळतात!

कुरिअरवाला आला तरी तेच. एकदा मी तिथेच होते. त्याने खोका पुढे केला आणि आक्कांच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "साहब हैं?"

"कौनसा साहब?"

"ये पार्ट्स है, इंजन के. किसी जेन्ट्स को दे दूं तो..."

"जेन्ट्स ऊपर रहता है. उसको दिया तो खा जाएगा. लाओ इधर."

"बच्चों का खिलौना है क्या, अम्मा?"

"हां. मेरे बच्चों का. सब मालगाडी में हैं," आक्का म्हणाल्या आणि सही केली. तो बिचारा गेट उघडंच टाकून पळाला.

म्हणजे आक्का गोड होत्या असं मी म्हणत नाही. त्यांच्या तोंडाला लगाम नव्हता. माझ्या नवऱ्याने एकदा मोठ्या हौसेने त्यांच्या इंजिनाला बोट लावलं तर त्यांनी त्याला सगळ्यांदेखत हात धुवायला पाठवलं. तो आजही त्यांचं नाव काढलं की बोटं बघतो. देवाधर्माचंही त्यांचं स्वतःचं होतं. दसऱ्याला आपल्याकडे सगळे गाड्या, मशिनी पुजतात. आक्का फक्त मापाची पूजा करायच्या. एक फूल, एक कुंकवाचं बोट, तेही बाजूला, मुठीला लागू न देता. इंजिनाला काही नाही. "इंजिन माजतं," म्हणायच्या.

सुनीलला आत्याच्या त्या खोलीत कधी पाऊल ठेवताना मी पाहिलं नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष झाला आणि एक दिवस आला.

"आत्या, यंदा मंडळाला काहीतरी हटके पाहिजे. तुझी ट्रेन बाप्पाच्या भोवती फिरवू. एकदम बढिया दिसेल."

"चालवणार कोण?"

"मी आहे ना."

"तुला गॅसचा रेग्युलेटर लावता येत नाही."

"अगं आत्या, यार..."

पण आक्का खूश झाल्या होत्या. त्यांनी अटी घातल्या. हार इंजिनावर नाही. हळदकुंकू छपरावर, खाली नाही. डब्यांना हात फक्त त्यांचा. आणि शेवटी, हातातल्या चिमट्याकडे बघत म्हणाल्या, "अन् कोणी विचारलं कोणाची गाडी, तर माझं नाव सांगायचं."

"तुझंच नाव, आत्या. मोठ्या अक्षरात लावतो."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसले होते.

आक्कांनी मंडपात स्वतः रूळ टाकले. चतुर्थीला नवी साडी नेसल्या, जी मी आधी कधी पाहिली नव्हती. मंडपात शिरलो तर समोर केवढा तरी फलक: 'संकल्पना व निर्मिती, सुनीलभैया'. बाजूला सुनीलचा हात जोडलेला फोटो. आक्कांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मला म्हणाल्या, "छापणाऱ्याने चुकवलं असेल." त्यांना तसं वाटलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

नगरसेवक हिरवी झेंडी घेऊन उभे. इंजिनाच्या गळ्यात झेंडूचा हार आधीच पडलेला. मुठीत हळद भरलेली. आणि सुनीलने रुळावर एक लिंबू ठेवलं.

आपल्याकडे मोटरसायकल घ्या, ट्रॅक्टर घ्या, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय नवी गाडी हलत नाही. ते ठीक आहे. पण हे इंजिन लिंबाला डोकं लावून उभं होतं!

"अरे, ते चाक फुटाण्याएवढं आहे!" आक्का ओरडल्या.

सगळे हसले. सुनील म्हणाला, "आत्या, शकुन असतो. होऊ दे." झेंडी हलली. इंजिनाने लिंबू थोडं ढकललं, मग त्यावर चढलं, हारात अडकलं आणि आडवं झालं. मागचे डबे त्याच्यावर आले. मागची मूठ वाकून पार खाली गेली. लिंबाला काही झालं नाही.

"मी माप घेऊन येते," आक्का म्हणाल्या. "तोवर कोणी हात लावू नका. मूठ उंचीवर आणली की चालेल."

त्या घरी जाऊन माप आणि चिमटा रुमालात बांधून परत आल्या, तोवर सुनीलने झटपट चिकटणारा गोंद आणून इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्या मुठी एकमेकींना चिकटवून टाकल्या होत्या.

"आत्या, टेंशन खतम. आता सुटणारच नाही."

सरळ रुळावर ठेवून चिकटवलेली गाडी वळणावर कशी वळणार? ती पहिल्याच वळणावर अख्खी बाहेर पडली. मग मंडळाचे दोन कार्यकर्ते सरळ रुळाच्या तुकड्यावर तिला बोटाने पुढे ढकलायचे आणि मागे ओढायचे. लोक फोटो काढायचे. आक्का रुमालाची गाठ न सोडता घरी आल्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीही आवाज आला नाही. मला शिव्यांची सवय होती, ते गप्प बसणं सहन होईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या आधी त्या मला म्हणाल्या, "परात घेऊन चल." मी नैवेद्याची परात घेतली. मला वाटलं दर्शनाला जायचंय.

मंडपात माइकवर चाललं होतं, "हमारे लोकप्रिय सुनीलभैया ने अपने हाथों से बनाई हुई ये अनोखी रेलगाडी..." आक्का दोरीखालून वाकून आत गेल्या. आधी गणपतीला नमस्कार केला, नीट, दोन्ही हात जोडून. मग रुळाशी बसल्या.

"आत्या, काय करतेस? आरती सुरू व्हायचीये."

"होऊ दे. आरतीला गाडी लागत नाही."

"बाप्पाच्या समोरून उचलतेस? लोक काय म्हणतील?"

"बाप्पाला सांगून उचलतेय. तुला विचारलं नाही. मंदे, परात."

मी मोदक गुरुजींच्या ताटात ओतले आणि परात घेऊन दोरीखालून आत गेले. पण गाडी परातीत मावेना. गोंदाने ती काठीसारखी ताठ झाली होती. शेवटी आक्कांनी इंजिनाकडून धरली, मी मागच्या डब्याकडून, मधे परातीचा आधार, आणि आम्ही दोघी बायका तशाच त्या गर्दीतून चाललो. माइक बंद पडला होता. कोणीतरी म्हणालं, "म्हातारी सटकली." आक्का थांबल्या, त्या माणसाकडे वळल्या. गाडी वळेना म्हणून मलाही वळावं लागलं. "रस्ता सोड," त्या म्हणाल्या. त्याने सोडला.

त्यानंतर गल्लीत जे झालं ते आठवून आजही मुठी आवळतात. कोणाची स्कूटर घसरली, आक्कांमुळे. वाऱ्याने मंडपाचं कापड फाटलं, आक्कांमुळे. देवासमोरची वस्तू उचलली म्हणे! देवासमोर खोटा फलक लावला त्याचं कोणाला काही नाही. सुनीलने खालच्या बैठकीचा फ्यूज काढून वर नेला. मीटर वर, म्हणून वीज त्याच्या हातात. गाडी चालवायची सोय गेली, दिवसासुद्धा त्या खोलीत अंधार.

आक्का म्हणाल्या, "कपलर बसवायला वीज लागत नाही. उजेड लागतो."

आणि त्या ओट्यावर आल्या. इतकी वर्षं दाराआड काम करणारी बाई पाट टाकून भर रस्त्यावर बसली. पुढे रुळाचा तुकडा, त्यावर माप, बाजूला डबे. गोंद काढायला नखांचा रंग पुसायचं औषध आणायला मीच त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदार डोळे मिचकावून म्हणाला, "काय आक्का, नेलपॉलिश?"

"पुसायचं दे. लावलं दुसऱ्यांनी."

काही मुठी सुटल्या, काही तुटल्या, त्या नव्या मागवल्या. दिवाळी आली, गेली. एकेक डबा पुन्हा मापासमोर उभा राहिला. जाणारे-येणारे थबकायला लागले. कोणी विचारलं तर आक्का सांगायच्या, नाही विचारलं तर मान वर करायच्या नाहीत. जिन्यावरून उतरताना सुनील म्हणायचा, "आत्या, आत बस ना. शोभा होते."

"फ्यूज लाव, बसते."

त्याने फ्यूज लावला नाही.

थंडीत माझ्या आईला बरं नव्हतं म्हणून मी माहेरी देडतलाईला गेले. मी तिकडे असतानाच आक्का गेल्या. छातीत दुखलं एवढंच नवऱ्याने फोनवर सांगितलं. मी आले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. बैठक मोकळी, भिंतींना नवा रंग, नवा सोफा, आणि फ्यूज जागेवर. टेबल मोडून फळ्या जळणात गेल्या होत्या. माप कुठे आहे विचारलं तर सुनीलची बायको म्हणाली, "कौनसा माप, भाभी? भंगारवाला येऊन सगळं घेऊन गेला." गाडी तेवढी राहिली, कारण ती दाखवायला बरी. सुनीलने ती 'आत्याच्या आठवणीत' मंडळाला दिली, असं तो लोकांना सांगतो. आत्याची आठवण, आणि पाटीवर नाव त्याचं. काचेतून बघितलं तर दिसतं, सगळ्या मुठी एका रेषेत आहेत. त्या कोणी रेषेत आणल्या हे बघणाऱ्याला कोण सांगणार?

मी देडतलाईला निघाले ती सकाळ मला पक्की आठवते. रिक्षा दारात उभी होती. आक्का ओट्यावर उन्हात, पायावर शाल, दोन्ही चष्मे नाकावर. हातात शेवटचा केळीचा डबा. तेवढ्यात एक माणूस गल्लीत आला, परगावचा असावा, हातात मोबाइल, कोणीतरी मंडपातला फोटो दाखवून पाठवलेला. माझ्याकडे न बघता त्याने आक्कांना विचारलं, "अम्मा, वो सुनीलभैया की ट्रेन यहीं है क्या?"

मी रिक्षात पिशवी ठेवता ठेवता थांबले. आता त्या त्याला सोलून काढणार असं मला वाटलं.

आक्कांनी मान वर केली नाही. डबा मापाजवळ नेला, डोळा रुळाच्या उंचीवर आणला. "बैठ जा," त्या म्हणाल्या. "ये मूठ माप पे लगने दे. फिर बताती हूं किसकी है."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी बसले. मागच्या फटीतून बघितलं तेव्हा तो माणूस चपला काढून पायरीवर बसत होता, आणि आक्कांनी हात कोरडे आहेत का विचारून त्याच्या तळहातावर डबा ठेवला होता.